बॉडमिन मूरच्या कडेला, जुन्या चॅपलात चार रात्री

कुठल्याही इमारतीत शिरलो की माझी नजर आधी छताला जाते आणि मग भिंतीच्या बुडाला. ३१ वर्षं बांधकाम खात्यात काढल्यावर ही सवय सुटत नाही. ऑक्टोबरच्या शाळेच्या सुट्टीत लेक, जावई आणि चार वर्षांच्या नातवाबरोबर आम्ही दोघं इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये जाऊन आलो. मुक्काम होता एका जुन्या चॅपलमध्ये, म्हणजे मेथडिस्ट या ख्रिश्चन पंथाच्या छोट्या प्रार्थनागृहात. आता ते सुट्टीसाठी भाड्याने मिळणारं घर आहे. दार उघडलं, वर पाहिलं आणि बॅग हातातच राहिली. छत शाबूत होतं. मध्ये कुठे खोटं छत नाही, पार्टिशन नाही. थेट छपराचा भार पेलणाऱ्या लाकडी कैच्यांपर्यंत नजर जात होती. ज्याने हे काम केलं त्याला इमारत कळली आहे, हे मला त्याच क्षणी पटलं. चार दिवसांत काही गोष्टी खटकल्याही, त्याही सांगतो.

ब्रिस्टलहून सकाळी निघालो. एक्झिटरपर्यंत मोटरवे, पुढे ए-३० रस्ता. ओकहॅम्प्टन गेलं, लॉन्स्टन गेलं की थोड्या वेळात बॉडमिन मूरचं माळरान लागतं. झाड जवळजवळ नाहीच; गवत, ग्रॅनाइटचे धोंडे आणि वारा. पाऊस थांबल्यावर आमच्याकडे कासच्या पठारावर जसं ढग अंगावरून जातात तसं वातावरण. अल्टारनन गावाच्या पुढे काही मैलांवर आत वळायचं. शेवटचे दोन मैल रस्ता एवढा अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तर कुणीतरी एकाने मागे जायचं. दोन्ही बाजूंना बांध आहेत, पण आपल्यासारखे नुसत्या मातीचे नाहीत. बाहेरून दगड रचलेला, पोटात माती भरलेली आणि माथ्यावर झुडपं. मोठी गाडी नेऊ नका.

रस्त्याकडे तोंड करून चॅपल उभं आहे. बाहेरून टेप लावून मोजलं तेव्हा ३६ फूट लांब आणि २४ फूट रुंद भरलं. आपल्याकडच्या जुन्या दोन खोल्यांच्या प्राथमिक शाळेएवढं म्हणा. समोर त्रिकोणी माथ्याची भिंत, मध्ये दार, दाराच्या दोन्ही अंगांना कमानीच्या उंच खिडक्या आणि वर पंथाचं नाव कोरलेला दगड. मनोरा नाही, घंटा नाही, रंगीत काचा नाहीत. भिंती स्थानिक पाटीच्या दगडाच्या, अनघड. कोपऱ्यांना आणि खिडक्यांच्या चौकटींना मात्र घडीव ग्रॅनाइट. पैसा कुठे घालायचा आणि कुठे वाचवायचा याचा हिशेब गवंड्याने चोख केलेला दिसतो. जिथे भार आणि पाऊस येतो तिथे चांगला दगड, बाकी ठिकाणी शेतात मिळेल तो.

आपल्या वाचकांसाठी एक खुलासा करतो, कारण मलाही हा फरक इथे आल्यावरच नीट कळला. गावातलं मोठं चर्च हे राजमान्य पंथाचं असतं आणि शतकानुशतकं त्याच्यामागे जमीन आणि जमीनदार उभे असतात. चॅपल हे खाणकामगार, शेतमजूर, लोहार, सुतार यांनी पेनी-पेनी जमवून बांधलेलं. मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली हे स्वतः राजमान्य चर्चचे धर्मगुरू, पण १७३९ पासून ते उघड्या माळावर प्रवचनं करू लागले आणि १७४३ मध्ये पहिल्यांदा कॉर्नवॉलला आले. १७४२ मध्ये त्यांच्या ब्रिस्टलच्या सभागृहावरचं कर्ज फेडण्यासाठी लोकांचे सुमारे बारा-बारांचे गट पाडले गेले. गटाच्या प्रमुखाने दर आठवड्याला घरोघर जाऊन एकेक पेनी गोळा करायची. घरी गेल्यावर त्याला माणसाचं बरं-वाईटही कळू लागलं, आणि वर्गणीसाठी केलेली ती सोय पुढे त्या चळवळीचा कणाच झाली. माझे वडील माळकरी होते. आमच्या गावच्या भजनी मंडळात कोण आजारी, कोणाच्या घरी धान्य संपलं, कोण पुन्हा दारूकडे वळला हे सगळ्यांना ठाऊक असायचं आणि त्याची दखलही घेतली जायची. त्यामुळे हे वाचताना मला परकं काही वाटलं नाही.

पंथाच्या पुढे शाखा झाल्या. हे चॅपल ज्यांचं, त्यांना बायबल ख्रिश्चन म्हणत. १८१५ मध्ये विल्यम ओब्रायन यांनी डेव्हन आणि कॉर्नवॉलच्या सीमेवर ही शाखा सुरू केली आणि अगदी पहिल्यापासून बायकाही प्रवचन करायच्या. १९०७ मध्ये ती आणखी दोन शाखांशी जोडली गेली आणि १९३२ मध्ये सगळ्या मोठ्या मेथडिस्ट शाखा एक झाल्या. इथेच या इमारतींचं भवितव्य ठरलं. एकाच गावात दोन शाखांची दोन चॅपलं होती. शाखा एक झाल्यावर दुसऱ्याची गरज उरली नाही. त्याच्याही आधी, १८६६ मध्ये तांब्याचे भाव कोसळले, खाणी बंद पडू लागल्या आणि कॉर्नवॉलचे खाणकामगार ऑस्ट्रेलिया-अमेरिकेपासून आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पांगले. १८५१ च्या ३० मार्चला इंग्लंडमध्ये प्रार्थनेला हजर असलेल्यांची मोजणी झाली, तेव्हा कॉर्नवॉलमधली निम्म्याहून जास्त हजेरी मेथडिस्टांची होती. एवढ्या माणसांसाठी बांधलेल्या इमारती मागे राहिल्या आणि माणसं गेली. आज त्यांतल्या कितीतरी घरं झाल्या आहेत, काही चित्रकारांच्या खोल्या, काही गोदामं, काही गॅरेज. वाटेत आम्ही एक पाहिलं, त्याच्या कमानीच्या खिडकीत टायर रचलेले होते.

आता आत येऊ. छोट्या ओसरीवजा दालनातून दुसरं दार उघडलं की आपण सज्जाखाली उभे असतो. सज्जा दोन बारीक ओतीव लोखंडी खांबांवर आहे. चार पावलं पुढे गेलं की डोक्यावरचं छत संपतं आणि पूर्ण उंचीचा दिवाणखाना सुरू होतो. दोन्ही लांब भिंतींना तीन-तीन उंच खिडक्या. समोरच्या भिंतीशी लाकडी व्यासपीठ, तीन पायऱ्यांचं, अर्धगोल कठड्याचं. वेदी अशी नाहीच. राजमान्य चर्चमध्ये नजर वेदीकडे जाते, इथे बोलणाऱ्या माणसाकडे. संपूर्ण इमारत एका माणसाचा आवाज सगळ्यांपर्यंत पोचावा म्हणून बांधलेली आहे, आणि हे कळलं की मग प्रत्येक गोष्टीचं कारण उलगडत जातं.

वेस्लींनी प्रार्थनागृहं कशी बांधावीत याचे नियमच घालून दिले होते. जागा असेल तर अष्टकोनी बांधा, आवाजाला तो आकार उत्तम. यॉर्कशरमधल्या हेप्टनस्टॉलचं १७६४ चं अष्टकोनी चॅपल अजून उभं आहे. दारं-खिडक्या भरपूर ठेवा; खिडक्या सरकत्या तावदानांच्या आणि वरून खाली उघडणाऱ्या. बाकांना पाठ नको. बायका-पुरुषांच्या मधे आडवा कठडा घाला. छताचा उठाव रुंदीच्या एक तृतीयांश ठेवा. खात्याच्या टिपणीसारखी ही भाषा वाचून मला या माणसाबद्दल आपुलकी वाटली. पुढच्या पिढ्यांनी यातलं बरंच सोडलं. अष्टकोन गेला, साधा आयत आला. बाकांना पाठी आल्या. पण मी छताचा उठाव अंदाजाने काढला तेव्हा २४ फुटांना ८ फुटांच्या जवळपास आला. त्या गावच्या गवंड्याने तो नियम वाचला होता की नुसताच हाताला बसला होता, कोण जाणे.

कैच्या राजखांबाच्या आहेत, म्हणजे मधोमध उभा खांब आणि त्यातून दोन्हीकडे तिरके आधार. नवीन रंग किंवा पॉलिश चढवलेलं नाही. जुन्या दिव्यांच्या काजळीचा तपकिरी थर तसाच आहे. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहिलं की जवळच्या कैचीवर सुताराने कोरलेल्या रोमन आकड्यांच्या खुणा दिसतात. जमिनीवर जुळवणी करून बघायची, मग सुटी करून वर न्यायची. कुठला वासा कुठल्या खाचेत हे चुकू नये म्हणून त्या खुणा. आमच्याकडचे जुने सुतारही वाड्याच्या तुळयांवर अशाच खुणा करायचे. मी बराच वेळ त्या आकड्यांवरून बोट फिरवत उभा होतो. खालून नातू हाका मारत होता.

छतावर डेलाबोलची स्लेट आहे. ती खाण इथून जवळच, उत्तरेला. काही शतकं सलग चालू असलेली आणि ४०० फुटांहून जास्त खोल. तिथल्या मापांची नावं मजेची वाटली. २४ बाय १२ इंचांची पाटी ती डचेस, २० बाय १० ची काउंटेस आणि १६ बाय ८ ची लेडी. इथे मात्र जुन्या पद्धतीने लहान पाट्या लावल्या आहेत, वळचणीशी मोठ्या आणि आढ्याकडे जाताना लहान लहान होत गेलेल्या. ओला चुना लावून, लाकडी खुंट्यांवर अडकवून बसवतात. कोकणात आपण ज्यांना मंगलोरी म्हणतो त्या कौलांचा कारखानाही १८६५ मध्ये बासेल मिशनने काढलेला. म्हणजे आपल्या डोक्यावरच्या छपराचा धागाही एका मिशनपर्यंत जातो. एरवी कौलारू घरात वाढलेल्या माणसाला स्लेटचं छप्पर कोरडं, सपाट वाटतं. पण पाऊस पडून गेल्यावर ऊन आलं तेव्हा ते छप्पर निळं, हिरवं, करडं असं एकाच वेळी दिसलं, आणि माझं मत बदललं.

राहण्याची व्यवस्था अशी आहे. चॅपलच्या मागे लागून रविवारच्या शाळेची, म्हणजे मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाची, बुटकी खोली होती. तिच्यात स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. सज्जावर एक झोपायची खोली, सज्जाखाली दुसरी. मुख्य दालनात बसायची जागा आणि व्यासपीठावर जेवणाचं टेबल. मला हे टेबल तिथे पाहून आधी संकोच वाटला. पण पहिल्याच रात्री सहा खुर्च्यांवर आम्ही पाच जण बसलो, खाली अंधारलेलं दालन, समोर सज्जाच्या कठड्यावरचं जुनं घड्याळ. ते घड्याळ व्यासपीठाकडे तोंड करून आहे, बाकांकडे नाही, म्हणजे वेळ बोलणाऱ्याला दिसावी. अजून चालतं. कठड्याला टेकून ताट वाढताना माझी पत्नी म्हणाली, "इथे उगीच मोठ्याने बोलवत नाही." तिचं बरोबर होतं. त्या टेबलाने जागेचा मान घालवलेला नाही.

सगळी बाकं काढली आहेत, दोन ठेवली आहेत. पिच पाइनच्या लाकडाची, मधासारख्या रंगाची, आणि काठ हातांनी गुळगुळीत झालेले. एकाच्या टोकाला क्रमांकाची छोटी पांढरी पट्टी आहे, कारण बाकांचं भाडं घेतलं जाई आणि कुटुंबाची जागा ठरलेली असे. त्याच्या खालीच छत्री अडकवायची लोखंडी कडी आणि जमिनीशी पाणी गळायला ओतीव ताटली. भिंतीवर रांगेने टोप्या टांगायचे आकडे आहेत, त्यांवर आता पाहुण्यांचे रेनकोट असतात. मैलभर पावसातून चालत आलेल्या माणसांसाठी बांधलेली जागा आहे ही, आणि ते काम ती अजून करते. जुन्या वस्तूला काचेत न ठेवता तिचंच काम तिच्याकडून करून घ्यायचं, यातच या घराचं यश आहे असं मला वाटतं.

आवाजाबद्दल सांगायलाच हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी बाहेर गेली असताना मी व्यासपीठावर उभा राहून साध्या आवाजात बोललो आणि सज्जावर बसलेल्या पत्नीला शब्दन्‌शब्द ऐकू गेला. मग ती खाली आली आणि तिने एक अभंग म्हटला. ती काही गायिका नाही, भजनात मागे साथ करणारी आहे. पण छताच्या कडा आतून गोलाई देऊन लाकडी पट्ट्यांनी मढवलेल्या आहेत, तो आवाज वर गेला आणि भरून खाली आला. मात्र नातू धावत ओरडू लागला की तीच जागा त्रासदायक होते. प्रत्येक किंकाळी दोनदा ऐकू येते. याचं कारण साधं आहे. पूर्वी दीडशे माणसांचे लोकरी कपडे आवाज शोषून घ्यायचे. ती माणसं गेल्यावर ते काम आता एक मोठा गालिचा, दोन सोफे आणि खिडक्यांचे जाड पडदे करतात, आणि ते पुरे पडत नाहीत. मागच्या भिंतीवर आणखी एखादी जाड गोधडी टांगली तरी फरक पडेल. मालकीणबाईंना तसं सांगितलं आहे.

खटकलेली पहिली मोठी गोष्ट सज्जाची. झोपायच्या खोलीला जागा पुरेना म्हणून सज्जा सहा फूट पुढे वाढवला आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंची पहिली खिडकी मधोमध कापली गेली. आतून खालच्या खोलीला अर्धी खिडकी आणि वरच्या खोलीला गुडघ्याच्या उंचीवर कमान. बाहेरून पाहिलं तर दोन खिडक्यांत काळा पट्टा दिसतो आणि तीन खिडक्यांची ती सुरेख ओळ मोडते. जमीन खिडकीपासून दोन फूट अलीकडे थांबवून तिथे काचेचा कठडा दिला असता तर हे टळलं असतं. खोली थोडी लहान झाली असती, एवढंच.

हे मी कुणाच्या चुका काढायच्या म्हणून लिहीत नाही. नव्वदच्या दशकात एका जुन्या विश्रामगृहाचं कार्यालय करायचं काम माझ्याकडे होतं. १६ फूट उंच दिवाणखाना, वर साणी, तीन बाजूंना व्हरांडा. आम्ही ९ फुटांवर खोटं छत मारलं आणि व्हरांडे विटांनी बंद करून त्यात रेकॉर्डच्या खोल्या केल्या. त्या इमारतीत उन्हाळ्यातही गारवा असायचा तो त्या उंचीमुळे आणि त्या व्हरांड्यांमुळे. पहिल्याच एप्रिलमध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांचा एसीसाठी अर्ज आला. त्या नकाशावर माझी सही आहे. जुनी इमारत नव्या कामाला घेताना आधी विचारायचं असतं की ही कशासाठी अशी बांधली. मी तेव्हा विचारलं नाही. म्हणून या चॅपलमध्ये ज्याने छताला हात लावला नाही त्याचं मला एवढं कौतुक.

तिसऱ्या दिवशी आम्ही जवळपासची ठिकाणं पाहिली. ट्रेविंट या वस्तीत डिगरी इझबेल नावाच्या गवंड्याचं घर आहे. वेस्लींचे सहकारी १७४३ मध्ये त्याच्या दारी आले, आणि पुढे त्याने बायबलमधल्या एका गोष्टीवरून स्फूर्ती घेऊन प्रवचनकारांसाठी आपल्या घराला दोन खोल्या जोडल्या. खाली एक, वर एक. वरच्या खोलीत उभं राहिलं की एका साध्या गवंड्याने पाहुण्यासाठी काय काय विचार केला ते कळतं. अल्टारननच्या जुन्या चॅपलच्या दारावर वेस्लींचा दगडी चेहरा आहे. तो नेव्हिल नॉर्थी बर्नार्डने कोरलेला. हा मुलगा याच गावचा, १८१८ चा जन्म, आणि चेहरा कोरला तेव्हा विशीतही नव्हता. दिवसभर गाडी हाकायची तयारी असेल तर सेंट एर्व्हनजवळचं पेनरोझचं चॅपल पाहा. १८६१ चं, छोटंसं, आतली बंदिस्त बाकं जागच्या जागी. जुन्या चॅपलांसाठी १९९३ मध्ये स्थापन झालेल्या हिस्टॉरिक चॅपल्स ट्रस्टने ते हाती घेऊन वाचवलं. तिथे गेल्यावर समजतं की आमच्या घरातून काय काय गेलं आहे. पण तिथे चूल पेटत नाही, कुणी रात्री झोपत नाही. दोन्ही प्रकार हवेत. सगळी चॅपलं संग्रहालय होऊ शकत नाहीत आणि सगळ्यांचं घरही होऊ नये.

कागदोपत्री भानगडी काय असतात हे घरात ठेवलेल्या फाइलमुळे कळलं आणि मला ती फाइल फार आवडली. चॅपल प्रार्थनेसाठी वापरात असतं तोवर बदलांची परवानगी पंथाची स्वतःची यंत्रणा देते. ते विकलं गेलं की ती सवलत संपते आणि संरक्षित यादीतल्या इमारतीसाठी कौन्सिलची परवानगी लागते. विक्रीखतात दोन अटी आहेत: इथे दारू विकायची नाही आणि जुगार चालवायचा नाही. समोरची छोटी दफनभूमी विकलेलीच नाही. कुणाचंही माणूस तिथे असेल तर त्याला फाटकातून यायचा हक्क आहे. आणि छपरात वटवाघळं आहेत. १९८१ च्या कायद्याने इथे त्यांना संरक्षण आहे, म्हणून छपराच्या कामाआधी त्यांची पाहणी करावी लागते आणि ती कधी असतात हे बघूनच काम काढावं लागतं.

त्या फाटकातूनच तिसऱ्या दिवशी दुपारी एक वयस्कर बाई आल्या. हातात शेवंतीची फुलं. मी बाहेर भिंत बघत होतो. त्यांनी आधी माफी मागितली, पाहुण्यांना त्रास नको म्हणून. त्यांच्या यजमानांची कबर तिथे आहे. पत्नीने चहाला आत बोलावलं तेव्हा त्या दारातच थबकल्या. विक्री झाल्यापासून आत आल्याच नव्हत्या. मग आल्या, सरळ त्या दोन बाकांकडे गेल्या आणि क्रमांकाची पट्टी वाचली. ते बाक त्यांच्या घरचं नव्हतं, पुढच्या कुटुंबाचं होतं. तरी त्यावर बसल्या. त्यांनी लहानपणीच्या 'टी ट्रीट'बद्दल सांगितलं: उन्हाळ्यात वर्षातून एकदा रविवारच्या शाळेच्या मुलांची मिरवणूक निघे, पुढे ब्रास बँड, आणि शेवटी प्रत्येक मुलाला ताटलीएवढा केशराचा बन मिळे. केशर! आमच्या घरी ते श्रीखंडात आणि बाळंतपणात. इथे खाणकामगारांच्या पोरांना बनमधून. शेवटच्या वर्षांत रविवारी सहा-सात माणसं उरली होती आणि छपराचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेर गेला, म्हणाल्या. व्यासपीठावरच्या टेबलाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "तिथे बसून जेवता का तुम्ही? सगळे एकत्र?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि चहाचा कप तिकडेच घेऊन गेल्या.

आता रोजच्या सोयी. पहिल्या रात्री थंडी वाजली. फरशीखालून तापवण्याची सोय आहे, पण ती तापायला सहा-सात तास घेते. दुपारी येणार असाल तर मालकीणबाईंना आदल्या रात्रीच चालू करायला सांगा. शिवाय गरम हवा वर कैच्यांपाशी जाऊन बसते. छताला एक पंखा उलट्या दिशेने मंद फिरवला तर ती खाली येईल. इथल्या लोकांना छताचा पंखा म्हणजे उन्हाळ्याची वस्तू वाटते, पण अशा उंच दालनात हिवाळ्यातच त्याचं काम जास्त. स्वयंपाकघर छान, सकाळचं ऊन येतं, भांडी भरपूर. इंडक्शनची शेगडी आहे, तेव्हा सपाट बुडाचा तवा घरून न्या. धूर ओढणारा पंखा कमजोर आहे. मोहरीची फोडणी दिली आणि धुराची घंटा अशी वाजली की नातू रडायला लागला. तेव्हापासून खिडकी उघडूनच फोडणी दिली. चार रात्रींचे ५४० पौंड पडले. पाच माणसांच्या मानाने मला वावगे वाटले नाहीत.

खरी काळजीची गोष्ट ओल आहे. पश्चिमेच्या भिंतीला आतून, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत लोणा लागला आहे. रंगाचे पापुद्रे सुटलेत आणि पांढरी भुकटी हाताला येते. बाहेर जाऊन पाहिलं तर अपेक्षेप्रमाणे कारण सापडलं. मागे कधीतरी कुणीतरी त्या भिंतीच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरल्या आहेत. दगड-चुन्याची भिंत पाणी पिते आणि चुन्याच्या दरजांतून ते सोडते. दरजा सिमेंटने बंद केल्या की पाणी आत अडकतं, बाहेर पडायला वाट शोधतं आणि ती वाट आतल्या बाजूला सापडते. सिमेंट दगडापेक्षा कडक, म्हणून दगडाचे काठही फुटायला लागलेत. त्यातच बाहेरची माती आणि खडी वाढत वाढत जोत्याच्या वर आली आहे आणि लाकडी जमिनीखाली हवा खेळावी म्हणून ठेवलेल्या तीनपैकी दोन जाळ्या तिच्याखाली गेल्या आहेत. हे असंच राहिलं तर पाच-दहा वर्षांत खालच्या तुळयांची टोकं कुजतील, आणि मग एवढ्या निगुतीने राखलेल्या छताचा उपयोग नाही.

निघायच्या आदल्या रात्री मी व्यासपीठावरच्या टेबलाशी बसून मालकीणबाईंना दोन पानी पत्र लिहिलं, भिंतीच्या रेखाटनासह. आधी माती काढून जोतं मोकळं करा, जाळ्या साफ करा. या कामाला परवानगीचीही फारशी अडचण येऊ नये. मग सिमेंट छिन्नी-हातोडीने काढा, यंत्राने नको, दगडाचे काठ उडतील. दरजा चुन्याने भरा आणि भिंतीला एक पूर्ण उन्हाळा सुकू द्या, त्याआधी आतून नवा रंग लावू नका. लेक म्हणाली, बाबा, लोक अभिप्रायाच्या वहीत हवामान छान होतं असं लिहितात. मी पत्र त्या वहीतच ठेवलं.

आठवड्याने उत्तर आलं. माती त्यांनी लगेच काढून घेतली आहे आणि तिसरी जाळीसुद्धा अर्धी बुजलेली निघाली. दरजांचं काम ईस्टरनंतर, थंडीचा कडाका आणि दंव संपल्यावर काढणार आहेत, कारण चुना दंवात धरत नाही. चुन्यात काम करणारा गवंडी शोधला आहे, लॉन्स्टनच्या बाजूचा. सज्जाच्या खिडक्यांबद्दल मात्र त्यांनी काही लिहिलेलं नाही.